सडा पडलेलं दार

आमची आई बेळगावच्या वडगावात एकटी राहते आणि मी निपाणीत, हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय की आता ते माझं तोंड आपोआप बोलतं. नात्यातल्या लग्नात सांगितलं, शाळेच्या ऑफिसात सांगितलं, दवाखान्यात केसपेपर काढताना सांगितलं. त्यावर समोरचा माणूस काय विचारणार तेही ठरलेलं. "मग त्यास्नी हिकडंच का आणत न्हाईस?" जसं काही आई म्हणजे कपाट आहे आणि मला टेम्पो मिळत नाहीये.

नाही आणत, कारण ती येत नाही. बाबा गेले, घरातले साड्या विणायचे दोन माग भंगारात गेले, मागांच्या जागी नुसते सिमेंटचे चौथरे उरले, तरी ती येत नाही. "तुझ्या त्या दुसऱ्या मजल्यावर मी काय करू गं? कबुतरं मोजत बसू?" म्हणते. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. मुलगा पुण्यात, आमचे हे तंबाखूच्या वखारीत, सीझनमध्ये त्यांचं तोंड दिसलं तर दिसलं. महिन्यातून दोन रविवार मी पहाटेची बस धरून बेळगावला जाते, आईची औषधं आणते, दळण करून ठेवते, तिचे टोमणे ऐकते आणि संध्याकाळच्या बसनं परत येते. मधल्या दिवसांत उंटावरून शेळ्या हाकते, म्हणजे रोज सकाळी साडेसातला फोन करते. सहा वर्षं झाली. कंटाळा आला म्हणायची सोय नाही, कारण आईचा कंटाळा आला असं कोण म्हणतं? पण आला होता. खोटं कशाला सांगू.

आमची गल्ली मागवाल्यांची. सकाळी सात वाजले की घराघरातले माग सुरू होतात. नवा माणूस आला की कानावर हात ठेवतो. आम्हाला आवाज ऐकूच येत नाही, करंट गेला आणि माग थांबले की मात्र कान दुखल्यासारखं होतं. माग चालू असताना ह्या दारातून त्या दाराला कितीही हाका मारा, काही उपयोग नाही. गल्लीतल्या बायका समोरासमोर उभ्या राहून हातवाऱ्यांनी बोलतात. पाच बोटं तोंडाकडं नेली की जेवलीस का, मनगट हलवलं की किती वाजले, पदर डोक्यावरून घेतला की देवळात चाललेय. लहानपणी मला वाटायचं सगळ्या जगात बायका अशाच बोलतात.

त्यामुळं आमच्याकडं एकमेकांची खबर घ्यायची ती कानानं नाही, डोळ्यांनी. आणि डोळ्यांना पहिल्यांदा दिसतो तो दारातला सडा. शेणाचा सडा केव्हाच गेला, आता डांबरी रस्त्यावर नुसतं तांब्याभर पाणी शिंपडायचं आणि उंबऱ्यासमोर रांगोळी काढायची. हे काय सगळीकडंच करतात. पण आमच्या गल्लीत मागच्या काही वर्षांत त्याला दुसरा अर्थ आला. पोरं गेली पुण्याला, बेंगळूरला. एकेका घरात एकेक म्हातारी राहिली. मग कुणी न ठरवता असं ठरलं, की सात वाजेपर्यंत जिच्या दारात सडा पडला नाही तिच्या दाराची कडी कुणीतरी जाऊन वाजवायची. सडा पडला म्हणजे माणूस उठलंय, चालतंय, आहे. कुठं लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. आई एकदा तापानं फणफणली होती आणि तिला उठवेना, तेव्हा सव्वासातला समोरच्या आक्का दारात हजर. तेव्हा आई मला फोनवर कुरकुरत होती, "जरा लोळू बी देत न्हाईत." कुरकुर कसली, मिरवत होती.

ह्या समोरच्या आक्कांच्या घरी अजून चार माग चालतात, मुलगा बघतो. आक्का सत्तरीच्या. त्यांची भाषा कन्नड, आमची मराठी. चाळीस वर्षं झाली, आई मराठीत बोलते आणि आक्का कन्नडात उत्तर देतात, आणि दोघींना विचारलं तर कोण कुठल्या भाषेत बोलली हे त्यांना सांगता यायचं नाही. माझ्याशी मात्र आक्का मराठीत बोलतात, माझ्या लहानपणापासून, प्रेमानं. मराठी-कन्नड पाट्यांवरून, बोर्डावरून गावात कितीदा काय काय पेटलं, बस बंद झाल्या, मी निपाणीत अडकून पडले. आक्का त्या दिवसात आईला भाजी आणून देत होत्या. मला त्याचं कौतुक वाटायचं असंही नाही. ते मी धरूनच चाललेलं होतं, नळाला पाणी येणार असं धरून चालतात तसं.

आईच्या घराच्या वरच्या खोलीत दीड वर्षापूर्वी एक पोरगी भाड्यानं आली. बागलकोटकडच्या खेड्यातली, तेवीस-चोवीस वर्षांची, एका लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला. सकाळी सहाला घर सोडायची, दुपारी तीनला परत. आईनं आधी तिच्या नावानं बोटं मोडली. कानात सारखं ते काय घालती, हाक मारली तर ऐकू येत न्हाय, रविवारी दहापर्यंत झोपती. मी म्हटलं, आई, माग चालू असतात तेव्हा तुला तरी कुठं ऐकू येतं? पण महिनाभरात पोरीनं "अज्जी, अज्जी" करत तिला गुंडाळलं. मोबाईलवर नातवाचं तोंड कसं बघायचं ते शिकवलं. रक्तातली साखर घरीच तपासून द्यायला लागली. आई तिला दुपारची भाकरी झाकून ठेवायला लागली. पोरगी तीनला आली की मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरायची आणि ताट घेऊन वर जायची. मला फोनवर तिच्याच गोष्टी. आज हिनं असं केलं, आज ही असं म्हणाली. मला बरं वाटायचं आणि थोडं झोंबायचंही. आपण दोन बस बदलून औषधं न्यायची आणि कौतुक वरच्या मजल्याचं.

पौषात थंडी पडली तसे आईचे गुडघे धरले. सकाळी भिंतीला हात लावून वाकायची, रांगोळी काढायची, पुन्हा भिंत धरून उठायची. पोरगी कामावर जाताना ते बघायची. एक दिवस तिनं तांब्या आईच्या हातातून काढूनच घेतला. तिच्या गावातही घरोघर दारात पाणी पडतं, रांगोळी पडते, तिचा हात लहानपणापासून बसलेला. आईला म्हणाली, तुम्ही सात वाजेपर्यंत पांघरुणात राहा, मी जाताजाता काढून जाते. आईनं तिला स्वतःची रांगोळी दाखवली, ठिपके किती, पाकळी कुठून वळवायची. पोरगी हुशार. दोन दिवसांत अशी काढायला लागली की आईच्या हातची की हिच्या, ओळखू येऊ नये.

आणि आई हे कुणाला बोलली नाही. आक्कांना नाही, मला नाही. का, तर "हिचे हात चालंनात म्हणतील." आपल्या दारात आपल्या हातानं सडा पडत नाही ही तिला लाज. तिच्या ध्यानातच आलं नाही की सडा कशाची खूण होता. इतकी वर्षं खूण दिलेली माणसं, त्यांना ती खूण आहे हेच आठवत नव्हतं. पोरीला तर कोण सांगणार? तिच्या गावात सडा म्हणजे सडा.

पाचव्या की सहाव्या दिवशी, पोरगी सडा-रांगोळी करून सहाला गेली. आई साडेसहाला उठली, मोरीत पाय घसरून पडली. खुबा मोडला. ओरडली असेल सुरुवातीला. सातला माग सुरू झाले.

मी साडेसातला फोन केला. वाजला, उचलला नाही. मी डब्यात भाजी भरत होते. पावणेआठला परत केला, तेव्हाही नाही. मग मी आक्कांना फोन लावला. मागं खटखट चाललेली, आक्का ओरडूनच बोलत होत्या.

"आक्का, आई फोन उचलंना."

"थांब." त्या दारापर्यंत आल्या असाव्यात, आवाज जरा मोकळा झाला. "सडा पडलाय की गं. रांगोळी बी हाय. देवळात गेली असंल."

"बरं बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

हे 'बरं बरं' मी तेव्हापासून कितीदा मनात ऐकलंय. मला हायसं वाटलं होतं. इतकं हायसं वाटलं की पुन्हा फोन करायचं सुचलंच नाही. त्या दिवशी ऑफिसात तपासणीची माणसं येणार होती, चार वर्षांचे दाखले काढून ठेवायचे होते. दुपारी एक वाजता जेवताना आईची आठवण झाली, खरंच झाली. मनात म्हटलं, काही असतं तर आक्कांनी कळवलं असतं. आणि चपातीचा पुढचा तुकडा मोडला.

तीन वाजून दहा मिनिटांनी त्या पोरीचा फोन आला. ती काय बोलत होती तेच कळेना, अर्धं कन्नड, अर्धं हिंदी, आणि मधे नुसतं "अज्जी, अज्जी". ती भाकरीचं ताट घ्यायला आत आली तेव्हा आई मोरीत सापडली. साडेसहा ते तीन. मोजायचंय कुणाला, मी मोजत नाही.

मी बेळगावला पोचले तेव्हा सहा वाजायला आले होते. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात आक्का बाकावर बसलेल्या, पोरगी भिंतीला टेकून उभी. लॅबचा पांढरा कोट तसाच अंगात. तिनं आपण होऊन सगळं सांगितलं. मी रांगोळी काढली होती, आंटी, त्यामुळं कुणाला कळलं नाही, असं स्वतःच म्हणाली. तिला एव्हाना आक्कांनी समजावलं असावं सडा म्हणजे काय ते. न सांगती तर मला कळायला आणखी दिवस गेले असते.

मी तिला जे बोलले ते इथं सगळं लिहीत नाही. "तुला कुणी सांगितलं होतं गं शहाणपण?" इथून सुरुवात झाली. भाड्यानं राहायचं तर भाड्यानं राहावं, लोकांच्या उंबऱ्यात लुडबुड कशाला. कन्नडात बोलले, म्हणजे नीट समजावं. वऱ्हांड्यातली माणसं बघायला लागली. मग मी आक्कांकडं वळले. "आणि तुम्ही व्हय? एवढं बघता, बघता म्हणता, ते हेच काय? दार ढकलून बघायला काय झालं होतं?" आक्कांनी पदर नीट केला आणि जमिनीकडं बघत राहिल्या. पोरगी रडत होती. मी दोनदा फोन केला आणि मग 'बरं बरं' म्हटलं, हे मी कुणालाही सांगितलं नाही. आक्कांना माहीत होतंच. त्यांनीही ते तोंडातून काढलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

ऑपरेशन झालं, खुब्यात सळी बसली. आठवड्यानं मी आईला निपाणीला आणलं, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये. चौघांनी खुर्चीवर बसवून वर चढवलं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता वडगाव संपलं. आक्कांना फोनवर तसं सांगितलं. पोरीला दुसरी खोली बघायला सांगितलं. आईला मात्र सांगायचा धीर झाला नाही. तिला म्हणत राहिले, डॉक्टर म्हणतील तेव्हा.

पुढचे तीन महिने कसे गेले ते दमून गेले एवढंच आठवतं. पहाटे पाचला उठून तिचं सगळं करायचं, मग ऑफिस, दुपारी धावत घरी येऊन तिला वॉकरवर चार पावलं चालवायचं, पुन्हा ऑफिस. आमच्या बिल्डिंगचा मोबाईलवर ग्रुप आहे. रोज सकाळी चाळीस जणांची फुलं आणि शुभ प्रभात. आई आल्याचं मी टाकलं, तर एकवीस जणांनी हात जोडले. वर कुणी आलं नाही. त्यांना तरी काय बोलायचं, समोरच्या दारात कोण राहतं ते मला कुठं ठाऊक होतं? आईला मी खिडकीत बसवून जायची. हायवेवरच्या गाड्या दिसतात म्हणाले, तर म्हणाली, "त्यात माझ्या वळखीची कुठली हाय?" जेवायची कमी. बोलायची त्याहून कमी. रोज संध्याकाळी एकच, "मला कधी सोडतीस?" मी काय तुरुंग चालवत होते की काय. एकदा चिडून म्हटलं, "तिथं पडून मेली असतीस, कळलं तरी असतं का कुणाला?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

शिमगा झाल्यावर एका रविवारी ती पोरगी आली. न विचारता, सकाळच्या बसनं. पिशवीत केळी आणि आक्कांनी दिलेली शेंगांची चटणी. दारातच उभी राहिली, मी आत ये म्हणेपर्यंत. आईचा चेहरा जो काय उजळला, तसा मी तीन महिन्यांत बघितला नव्हता. पोरगी खाली बसली, आईच्या पायाशी, आणि म्हणाली, अज्जी, मला दुसरीकडं खोली मिळाली, पुढच्या महिन्यात जाते.

"का गं?" आई म्हणाली.

पोरीनं माझ्याकडं बघितलं. आईनंही बघितलं. मी चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेले. पळालेच म्हणा.

बाहेर त्या दोघी कन्नडात बोलायला लागल्या. आई हळू बोलत होती. तिला वाटलं असेल आत ऐकू येत नाही, किंवा वाटलं नसेल काहीच, ऐकलं तर ऐकू दे म्हणूनही बोलली असेल. मी गॅस बारीक केला.

"फोन तिथंच फळीवर होता," आई सांगत होती. "वाजला, थांबला. परत वाजला, थांबला. मला वाटलं, आता निघाली असेल माझी पोरगी. दोन तास बसचे धरले. मग म्हटलं, बस उशिरा सुटली असेल, आणखी एक तास धरला. माग जेवायला थांबले तेव्हा कळलं दुपार झाली. तेव्हा गल्ली अगदी शांत झाली होती, पण ओरडायला घशात आवाज उरला नव्हता. मग पडल्या पडल्या ध्यानात आलं, की तिला कुणीतरी सांगितलं असणार सडा पडलाय. आमची रांगोळी तर मीच तुला शिकवली. मग कुणाला बोलायचं? तू का जातेस खोली सोडून?"

पोरगी काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही.

"तिच्यावर रागावू नको," आई म्हणाली. "ती दमलेली असते. दमलेल्या माणसाला कुणी बरं आहे म्हटलं की ते खरं वाटतं."

चहा उतू गेला. मी पुसत बसले, ओटा पुसला, शेगडी पुसली, पुसलेलं परत पुसलं. तीन तास ती माझी वाट बघत होती. बसचा वेळ धरून, थंड फरशीवर. आणि मी तेव्हा दाखल्यांच्या फाईली वर्षाप्रमाणं लावत होते.

शेवटी कप घेऊन गेले आणि उभ्या उभ्याच बोलले. "आई, मी आक्कांना विचारलं हुतं. सडा पडलाय म्हणाल्या. मग मी गप बसले. मला बरं वाटलं ऐकून."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "बस आता. चहा निवतोय."

पोरीला काय म्हणावं ते मला सुचत नव्हतं. दवाखान्यात इतकं सुचलं होतं. "खोली सोडू नको," एवढंच म्हटलं. ती मान हलवून चहा प्यायला लागली. थोड्या वेळानं आईनं तिला विचारलं की समोरच्यांच्या चौथ्या मागाचं काय झालं, दुरुस्त झाला का, आणि त्या दोघी गल्लीतलं बोलत बसल्या. मला त्यातलं निम्मं ठाऊकच नव्हतं. माझी गल्ली ती, माझा जन्म तिथला.

पाडव्यानंतर मी आईला वडगावला नेलं. चार दिवसांची रजा टाकली, गाडी केली. लोक म्हणतील ते म्हणतील. आमचे हे म्हणालेच, "बैल गेला आन् झोपा केला, आता झोपा मोडून परत बैल सोडाय निघालीस काय?" मी आईच्या औषधांची पिशवी भरली. बरोबर करतेय की चूक, ते मला अजून सांगता येत नाही.

गाडी गल्लीत शिरली तेव्हा माग चालू होते. बायका दारात आल्या, हातवारे करून आईला काय काय विचारायला लागल्या आणि आई गाडीतूनच हातवारे करून उत्तरं द्यायला लागली. आक्का काठी टेकत आल्या. आईचा हात धरून तिला आत नेलं, पलंगावर बसवलं, पायाखाली उशी दिली. माझ्याशी एक शब्द नाही. मी पाणी पुढं केलं, ते घेतलं नाही. संध्याकाळी माग थांबल्यावर मी त्यांच्या घरी गेले. माफी मागायला, असं म्हणायला हरकत नाही, पण शब्द काही जुळवले नव्हते.

आक्का मागाच्या कांड्यांवर सूत भरत बसल्या होत्या. वर न बघता त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि माझ्याशी जन्मभर मराठीत बोललेली ती बाई कन्नडात बोलली.

"सहा वर्षं रोज सकाळी तुझ्या आईच्या दाराकडं बघूनच मी माझा चहा घेते. एक दिवस चुकला. दवाखान्यात चार माणसांत तू मला त्या एका दिवसाचं विचारलंस."

"चुकलं माझं, आक्का."

"तुझं चुकलंच," त्या म्हणाल्या. "माझं बी चुकलं. दार ढकलायला पाहिजे होतं." एवढं मात्र मराठीत. मग हातातली कांडी बाजूला ठेवून त्यांनी मला बसायला पाट दिला.

त्यांनी आणि त्या पोरीनं मिळून आधीच ठरवून टाकलं होतं, मला कुणी विचारलं नव्हतं. सडा पोरगीच घालणार, रांगोळीही तिचीच. पण सातला आईनं दार उघडून आक्कांना तोंड दाखवायचं, आणि ते तोंड दिसल्याशिवाय आक्कांच्या घरचा एकही माग सुरू व्हायचा नाही. मुलगा बटणाजवळ उभा राहतो आणि आक्का दारात. चार दिवस मी ते बघितलं. आई मुद्दाम दोन मिनिटं उशीर करते असा माझा संशय आहे. सगळं खोळंबलंय आपल्यासाठी, हे तिला आवडतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी निघाले. पोरगी कोपऱ्यापर्यंत पिशवी घेऊन आली. निपाणीवरून जाणारी कोल्हापूरची बस मिळाली, खिडकीची जागा मिळाली. मला वाटलं होतं रस्ताभर जीव टांगणीला लागेल. ती पडली तर, ती उठली नाही तर. तर कसलं काय, बस शहराच्या बाहेर पडली आणि मला झोप लागली. संकेश्वर गेलेलं कळलं नाही, घाट उतरलेला कळला नाही. इतकी गाढ झोप मला वर्षात लागली नसेल.

जाग आली ती पर्समधला फोन वाजत होता म्हणून. बाहेर अंधार पडला होता. पोरीचा नंबर होता. आवाज मात्र आक्कांचा.

"का गं, पोचलीस न्हाय व्हय? तासभर झाला आम्ही तिघी बसलोय हितं. जेवलो बी न्हाय. पोरीनं चारदा लावला फोन."

मी खिडकीतून बघितलं. निपाणी केव्हाच मागं गेलं होतं. बस कागलच्या स्टँडात शिरत होती.

"झोप लागली, आक्का," मी म्हटलं. "कागलला आले."

पलीकडं आक्का कुणाला तरी सांगत होत्या, झोपली हुती म्हणं, कागलला गेली. पोरीच्या हसण्याचा आवाज आला. मग आईचा, लांबून, "झोपू दे की तिला. उलटी बस मिळाली काय म्हणावं, आन् बसली की परत फोन कर म्हणावं. तवर हाय आम्ही जाग्या."

बरं म्हणून मी फोन ठेवला. माझी कुणी वाट बघत असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. कागलच्या स्टँडवर उतरले, आणि रडू आलं ते आवरेना. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. मग तोंड पुसून निपाणीची बस कुठं लागते ते विचारायला गेले.